चौतीस फेऱ्यांची शर्यत आणि हुपरीचा रस्ता

६ डिसेंबर २०२०. बहरीनमधले साखीर. फॉर्म्युला टूच्या त्या मोसमातली शेवटची शर्यत. निकाल असा लागला : पहिला जेहान दारूवाला, मुंबईचा, कार्लिन संघाचा. दुसरा युकी त्सुनोडा, जपानचा, त्याच संघाचा. तिसरा डॅन टिकटम, ब्रिटनचा, डॅम्स संघाचा. फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या पायरीवरच्या या स्पर्धेत शर्यत जिंकणारा जेहान हा पहिला भारतीय ठरला. बाविसाव्या वर्षी तो विजयमंचावर उभा होता आणि समोर राष्ट्रगीत वाजत होते.

त्याच दिवशी सिडनीत भारताने ऑस्ट्रेलियाला ट्वेन्टी-२० सामन्यात हरवले. महाराष्ट्रातल्या घराघरांत त्या सामन्याची चर्चा झाली. साखीरची बातमी मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ज्यांनी वाचली त्यांनीही ‘मुंबईचा मुलगा कुठलीशी गाडीची शर्यत जिंकला’ एवढेच लक्षात ठेवले असेल. मला ही शर्यत सविस्तर सांगावीशी वाटते. कारण ती सांगितल्याशिवाय कोल्हापूर-हुपरीच्या पट्ट्यात या खेळाचे जे बीज पडले आहे, त्याचे मोल कळणार नाही.

साखीरचे नेहमीचे सर्किट साडेपाच किलोमीटरच्या आसपासचे. त्या आठवड्यात मात्र बाहेरचा आखूड मार्ग वापरला होता : ३.५४३ किलोमीटर, ११ वळणे. सरळ पट्टे लांब, वळणे थोडी. अशा ठिकाणी मागचा गाडीवाला पुढच्याच्या हवेच्या आडोशात राहून वेग वाढवतो आणि ब्रेक मारायच्या जागी बाजूला येतो. आघाडी घेणे एक वेळ सोपे, पण टिकवणे कठीण.

आदल्या दिवशी, शनिवारी, मोठी शर्यत झाली होती. ती त्सुनोडाने जिंकली आणि जेहान सातवा आला. रविवारच्या छोट्या शर्यतीसाठी तेव्हा नियम असा होता की शनिवारचे पहिले आठ जण उलट्या क्रमाने उभे करायचे. आठवा पहिला, सातवा दुसरा. म्हणून टिकटम पहिल्या जागी आणि त्याच्या शेजारी जेहान. नुसता नियम वाचून कुणाला वाटेल, म्हणजे आयतेच मिळाले की. तसे नाही. शनिवारी वीस-बावीस गाड्यांतून सातवा यायला लागते आणि रविवारी मागून आलेल्या वेगवान गाड्यांना चौतीस फेऱ्या थोपवून धरायला लागते. त्या मागच्यांत मिक शूमाकर होता, मायकेल शूमाकरचा मुलगा, त्या दिवशी अजिंक्यपदासाठी झगडणारा.

पहिल्याच फेरीत टिकटम, जेहान आणि शूमाकर यांची झुंज लागली. गाड्या एकमेकींपासून हातभर अंतरावर होत्या. शूमाकरने उशिरा ब्रेक मारला, त्याची पुढची चाके अडली आणि टायर एका बाजूने घासले गेले. असा टायर पुढे प्रत्येक फेरीला गाडी हादरवतो. शेवटी त्याला टायर बदलायला आत यावे लागले. तो अठरावा आला, पण मोसमाच्या एकूण गुणांवर २१५ विरुद्ध २०१ असे कॅलम आयलॉटला मागे टाकून अजिंक्य ठरला. जेहानने वेगळा मार्ग धरला. तो टिकटमच्या मागे चिकटून राहिला, टायर जपले आणि शर्यत उतरणीला लागल्यावर पुढे निघून गेला. मागून त्सुनोडा आला, पण तोवर अंतर पडले होते.

या शर्यतीत मला सर्वांत जास्त भावतो तो मधला टप्पा, जेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. मागून दबाव, पुढे अडथळा, आणि हातातला वेग वापरायचा नाही. बाविसाव्या वर्षी एवढा संयम ठेवणे हे गाडी पळवण्यापेक्षा अवघड काम आहे. ते शिकवले जाते आणि फार लवकरच्या वयात शिकवले जाते.

आता गाडीविषयी थोडे. फॉर्म्युला टूची गाडी इटलीची डल्लारा कंपनी बनवते. सगळ्या संघांना सांगाडा तोच आणि इंजिनही तेच, मेकाक्रोमचे ३.४ लिटरचे, टर्बो लावलेले, सहा सिलिंडरचे. ताकद सुमारे ६२० अश्वशक्ती. ड्रायव्हरसकट वजन साडेसातशे किलोच्या आसपास. आपल्या साध्या कुटुंबाच्या मोटारीहून हलकी आणि तिच्या सात-आठपट ताकदीची. आणि या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. वळणावर पुढची चाके जमिनीला रेटली जातात तेव्हा तो सगळा भार ड्रायव्हरच्या मनगटांवर, दंडांवर आणि खांद्यांवर येतो. डोके हेल्मेटसकट बाजूला खेचले जाते आणि मानेच्या स्नायूंनी ते सावरायचे असते. म्हणून हे खेळाडू मानेचा वेगळा व्यायाम करतात. मोटारशर्यत म्हणजे बसून खेळायचा खेळ, असे म्हणणाऱ्याने एकदा नुसते कार्टमध्ये दहा मिनिटे बसून पाहावे. दुसऱ्या दिवशी जेवताना घास उचलताना हात दुखतो.

ब्रेक कार्बनचे असतात. सरळ पट्ट्याच्या शेवटी ते दाबले की चकती लालभडक होते आणि तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. हुपरीच्या माणसाला ही उष्णता वेगळी सांगायला नको. चांदी ९६२ अंशांना वितळते. आटणीच्या मुशीत जी उष्णता कारागीर रोज पाहतो, तेवढी त्या चकतीत एका क्षणात तयार होते, दुसऱ्या क्षणी उतरते आणि पुढच्या वळणावर पुन्हा तयार होते. चौतीस फेऱ्या हेच चालते.

हुपरी हे हातकणंगले तालुक्यातले, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरचे गाव. पैंजण, वाळे, तोरड्या, जोडवी, करदोडे यांचे गाव. इथली चांदी देशभरच्या पेठांत जाते. घरातल्या खोलीत आटणी, तार काढणे, कड्या जुळवणे, झाळणे, घुंगरू बसवणे, पॉलिश अशी कामे वाटून होतात. एकच पैंजण अनेकांच्या हातांतून जातो. टंच (चांदीची शुद्धता) किती आणि घट किती, याचा हिशेब इथल्या पोरांना शाळेच्या गणिताआधी कळतो. गावाबाहेर पडले की ऊस. जवाहर साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची रांग. पलीकडे गोकुळ शिरगावची आणि कागल-हातकणंगलेची औद्योगिक वसाहत. तिथल्या आणि शिरोलीच्या फाउंड्रींत देशातल्या मोटारींचे आणि ट्रॅक्टरांचे ओतीव भाग तयार होतात.

याच कोल्हापूर-हुपरीच्या पट्ट्यात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. ‘सुट्टीत पोरांना फिरवून आणायची जागा’ एवढीच त्याची ओळख अनेकांच्या मनात आहे. पण राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग अजिंक्यपदाच्या फेऱ्या इथे झाल्या आहेत आणि देशातले अव्वल मुलगे-मुली इथे येऊन गेले आहेत. जिथे राष्ट्रीय फेरी होते, तो ट्रॅक करमणुकीचा राहत नाही. तिथे वजनाचा काटा, तांत्रिक तपासणी, झेंडेवाले मार्शल, वेळ मोजणारी यंत्रणा, रुग्णवाहिका हे सगळे उभे करावे लागते. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या गावाने हे करून दाखवले, ही मोठी गोष्ट आहे. तिची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही.

कार्ट म्हणजे काय, तेही सांगायला हवे, कारण सिंगल-सीटर शर्यतीचे सगळे शिक्षण तिथेच होते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, १२५ सीसीचे दोन स्ट्रोकचे इंजिन, चार छोटी चाके, जमिनीपासून काही सेंटिमीटरवर बसायची जागा. स्प्रिंग नाही, शॉक ॲबसॉर्बर नाही. मागचा दांडा एकसंध. मोटारीत वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरावे म्हणून डिफरन्शिअल असतो, कार्टमध्ये तो नाही. त्यामुळे वळताना मागचे आतले चाक जमिनीवरून किंचित उचलले गेले पाहिजे, नाहीतर कार्ट वळणारच नाही. ते उचलते ड्रायव्हरच्या वजनाने, स्टिअरिंगच्या कोनाने आणि सांगाड्याच्या पिळाने. नऊ-दहा वर्षांचे मूल हे सूत्रे न शिकता अंगाने शिकते. कुठे ब्रेक सोडायचा, कुठे नुसता गॅस धरून ठेवायचा, पाऊस पडल्यावर कुठली रेघ सोडून कुठली धरायची. सीनिअर गटाची कार्ट तीस अश्वशक्तीच्या आसपासची असते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. जमिनीच्या इतक्या जवळून तो वेग दुपटीने वाटतो.

आणखी एक गोष्ट मूल इथे शिकते : हरल्यावर कारण शोधणे. टायरची हवा अर्ध्या पौंडाने जास्त होती का? दातेरी चकती एका दाताने मोठी हवी होती का? की चूक आपलीच, तिसऱ्या वळणावर? मेकॅनिक आणि मूल खाली बसून हे बोलतात तेव्हा त्यांच्यात वयाचे अंतर राहत नाही. मला या खेळातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

जेहानही असाच घडला. जन्म १९९८ चा, मुंबईचा. कार्टिंगचे पहिले धडे रेयोमंड बनाजी यांच्याकडे. बनाजी स्वतः अनेकदा कार्टिंगचे राष्ट्रीय विजेते. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू मुले निवडण्याची मोहीम काढली. तीन निवडले गेले : जेहान, बंगळूरचा अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी. तिथून युरोप. २०१७ च्या सुरुवातीला न्यूझीलंड ग्रांप्री जिंकली. त्याच वर्षी युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये जर्मनीतल्या नोरिसरिंगच्या रस्त्यावर विजय. २०१९ मध्ये प्रेमा संघाकडून एफआयए फॉर्म्युला थ्रीच्या अजिंक्यपदात तिसरा. मग रेड बुलच्या तरुण खेळाडूंच्या योजनेत निवड, फॉर्म्युला टू आणि साखीर.

याच काळात कोल्हापूरचीही मुले पुढे सरकत होती. मोहिते रेसिंगचा संघ देशातल्या फॉर्म्युला फोर शर्यतींत उतरत होता. ही एलजीबी फॉर्म्युला फोरची गाडी कोईमतूरची, मारुती स्विफ्टच्या १३०० सीसी इंजिनावर चालणारी, एका माणसापुरती, चाके उघडी. कार्टमधून बाहेर पडलेल्या मुलाला खरी ‘फॉर्म्युला’ गाडी पहिल्यांदा मिळते ती बहुधा हीच. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या चषक शर्यतींत झळकला. कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत डबल आर या नामांकित संघाकडून उतरला आणि विजयमंचापर्यंत पोहोचला. त्या मोसमात त्याच संघाचा लिनस लुंडक्विस्ट अजिंक्य ठरला आणि बंगळूरचा कुश मैनी, अर्जुनचा धाकटा भाऊ, एकूण गुणांत तिसरा आला. म्हणजे कृष्णराज ज्या मांडवात खेळत होता तो मांडव किती तगडा होता, हे कळेल. कुशने पुढे फॉर्म्युला टूमध्ये हंगेरीत आणि मोनॅकोतही शर्यत जिंकली. पंचगंगेकाठचा मुलगा त्या रांगेत उभा राहिला, हे कोल्हापूरने अभिमानाने सांगावे.

पण इथे निकाल नीट वाचायला शिकले पाहिजे. या खेळात निकालाचा कागद अर्धेच सांगतो. १९ जून २००५ रोजी अमेरिकेच्या इंडियानापोलिसला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. कागदावर चौथा. त्या दिवशी मिशेलिनचे टायर असुरक्षित ठरल्याने चौदा गाड्या सुरुवातीच्या फेरीनंतर परत आत गेल्या आणि शर्यत सहाच गाड्यांची झाली. यात नारायणचा दोष काडीचाही नाही. त्याच्या हातात जॉर्डनची कमकुवत गाडी होती आणि ती त्याने शेवटपर्यंत नीट आणली. पण तो चौथा क्रमांक आणि नोरिसरिंगचा किंवा साखीरचा पहिला क्रमांक यांचे वजन एकाच काट्यावर करता येत नाही.

उलट बाजूही आहे. साखीरच्या विजयानंतर जेहान २०२० च्या एकूण यादीत बारावा होता. पुढे २०२१ आणि २०२२ दोन्ही मोसमांत सातवा. २०२२ च्या सप्टेंबरात मोंझाची मोठी शर्यत त्याने जिंकली, तीही इटलीच्या प्रेमा संघाकडून, इटलीच्या लोकांसमोर. तरी फॉर्म्युला वनचे दार उघडले नाही. कारण सुपर लायसन्स. फॉर्म्युला वनमध्ये उतरायला तीन वर्षांत ४० गुण लागतात. फॉर्म्युला टूमधल्या पहिल्या तिघांना प्रत्येकी ४० मिळतात, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १० आणि सातव्याला फक्त ८. सातवा म्हणजे जगातल्या त्या वयाच्या ड्रायव्हरांत सातवा, पण नियमाच्या कागदावर आठ गुण. आणि गुण पुरे झाले तरी जगात जागा वीस-बावीसच. जेहान पुढे फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत मासेराती संघाकडून खेळला. त्याच्या कारकिर्दीला अपयश म्हणणारा माणूस हा खेळ जाणत नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

दुसरी अडचण पैशाची, आणि तीच मुख्य. फॉर्म्युला टूच्या एका मोसमाला वीस-तीस लाख युरो लागतात असे साधारण धरले जाते. त्याच्या खाली थ्री, त्याच्या खाली फोर, त्याच्या खाली कार्टिंग. प्रत्येक पायरीचा खर्च वरच्यापेक्षा कमी, पण सर्वांत खालची पायरीही मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. कार्ट, इंजिन, टायरचे जोड, प्रवास, मेकॅनिक, प्रवेश शुल्क. राष्ट्रीय स्तरावर खेळायचे तर घरातून लाखांनी पैसे जातात. म्हणून आजवर महाराष्ट्रातून जी नावे वर आली, ती बहुतेक अशा घरांतून आली ज्यांना हा भार पेलता आला. त्यांच्या कष्टांना यातून कमीपणा येत नाही. ६२० अश्वशक्तीची गाडी बापाच्या पैशाने वळत नाही. पण जी मुले ट्रॅकच्या कुंपणापर्यंतही पोहोचली नाहीत, त्यांत किती जेहान होते हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि ही गोष्ट मला टोचते.

त्यात अंतर. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फॉर्म्युला शर्यती वर्षानुवर्षे मुख्यतः दोन ठिकाणी होतात : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला आणि कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. कोल्हापूरहून दोन्ही ठिकाणे नऊशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. गाडी टेम्पोत घालून, माणसे घेऊन, शाळा बुडवून तिथवर जायचे. दिल्लीजवळचे बुद्ध सर्किट तर त्याहून लांब. त्या सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला, आणि मग करांच्या वादात सगळे थांबले. उत्तर प्रदेश सरकारने त्या शर्यतीला खेळाऐवजी करमणूक मानून कर लावला होता. ज्या देशात मोटारी बनवायचे इतके मोठे केंद्र चाकणला आहे आणि ओतकामाचे केंद्र कोल्हापूरला आहे, त्या देशाच्या याच राज्यात फॉर्म्युला गाड्यांचे आंतरराष्ट्रीय परवान्याचे सर्किट नाही. हे मला पटत नाही.

चेन्नईने काय केले ते पाहण्यासारखे आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. ती जागा कायमची नाही हे ओळखून क्लबने स्वतःची जमीन घेतली आणि १९९० च्या सुमारास ३.७ किलोमीटरचे सर्किट उभे केले. कुणा एका शेठजीचे नाही, क्लबचे. कोईमतूरमध्ये एस. करीवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर स्वस्त सिंगल-सीटर गाडी बनवली, जिच्यामुळे नारायणच्या पिढीला हात साफ करायला मिळाला. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. तिथल्या सर्किटला त्यांचेच नाव आहे. भारतातून फॉर्म्युला वनमध्ये गेलेले दोघेही, नारायण कोईमतूरचा आणि करुण चंडोक चेन्नईचा, हा योगायोग नाही. जिथे ट्रॅक, तिथे ड्रायव्हर.

कोल्हापूरला ही गोष्ट पटायला अडचण पडू नये. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले आणि मग इथे मल्ल घडत गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. नेमबाजीचेच घ्या. एके काळी तो राजवाड्यातल्या माणसांचा खेळ होता. रायफल महाग, गोळ्या महाग. पण रेंज उभ्या राहिल्या, शिकवणारे तयार झाले, सरकारने क्रीडा प्रबोधिनी काढली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाच्या घरातला स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. श्रीमंतांचा म्हटलेला खेळ सामान्यांच्या अंगणात आणता येतो, हे याच जिल्ह्याने करून दाखवले आहे.

मोटारशर्यतीला वाईट नावही आहे, ते मी टाळणार नाही. रस्त्यावर दुचाक्या उडवणारी पोरे, सायलेन्सर काढून फिरणारी टोळकी यांच्यामुळे ‘रेस’ म्हटले की आईबाप घाबरतात. बरोबरच आहे. पण ट्रॅकवर वाढलेला मुलगा रस्त्यावर असे करत नाही, कारण वेगाची किंमत त्याला अंगाने कळलेली असते. त्याने पट्टे बांधलेले असतात, हेल्मेटचे मानांकन त्याला पाठ असते आणि पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा, हे त्याच्या हाडात मुरलेले असते. या भागाला वेगाची ओढ आहेच. बंदीनंतर २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली तेव्हा इथे किती आनंद झाला, ते सगळ्यांनी पाहिले. ही ओढ दडपता येत नाही. तिला मैदान द्यावे लागते.

मान्यतेचा प्रश्नही आता उरलेला नाही. देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाला केंद्र सरकारची मान्यता आहे. रॅलीपटू गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटारखेळातला तो पहिला. २०२३ पासून भारतात एफआयए या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांची फॉर्म्युला फोर स्पर्धा सुरू झाली आहे आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीच्या दिव्यांखाली ती धावली. म्हणजे भारतीय मुलाला आंतरराष्ट्रीय नियमांची पहिली फॉर्म्युला शर्यत खेळायला आता युरोपात जावे लागत नाही. चेन्नईपर्यंत मात्र अजून जावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे. कोल्हापुरात या खेळाचा पाया मोहिते या एका कुटुंबाच्या हौशीने आणि पैशाने घातला गेला. ते ऋण मानावे. पण एका कुटुंबाच्या खांद्यावर खेळ कायमचा उभा राहत नाही. आणि अनेकांनी मिळून मोठे काम कसे उभे करायचे, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. दूध संघ, साखर कारखाने, वारणानगर, सगळे शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभे राहिले. हुपरीच्या शेजारचा जवाहर कारखानाही सहकारीच. मग मोटारखेळाचा सहकारी क्लब का नको? फाउंड्रीवाल्यांनी, चांदी उद्योजकांनी, ऊस उत्पादकांनी, गॅरेजवाल्यांनी भाग घ्यावेत. आधी दहा-बारा कार्ट क्लबच्या मालकीच्या घ्याव्यात आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले-मुली निवडून त्यांना फुकट बसवावे. फाउंड्रीत आणि आयटीआयत शिकणाऱ्या पोरांना मेकॅनिक म्हणून तयार करावे, कारण या खेळात एका ड्रायव्हरमागे डझनभर हातांना काम असते आणि ते हात या भागात आहेत. चांदीच्या कडीचा मिलिमीटर नजरेने सांगणारा कारागीर इंजिनच्या जुळणीत कुणाला हार जाणार नाही. सर्किट त्यानंतर, जमीन आणि पैसा जमेल तसे, दोन किलोमीटरचे का होईना.

वाचकांना एक विनंती. कोल्हापुरात पुढची राष्ट्रीय कार्टिंग फेरी होईल तेव्हा मुलांना घेऊन ट्रॅकवर जा. पिटच्या बाजूला उभे राहा, मेकॅनिकला प्रश्न विचारा, निकालाचा कागद वाचा आणि दहावा आलेला मुलगा कुठून सुरुवात करून दहावा आला तेही विचारा. आणि तुम्ही हुपरीचे, इचलकरंजीचे किंवा कागलचे उद्योजक असाल, तर त्या क्लबचा पहिला भाग तुमच्या नावाचा असू द्या.